पूजेचे नवे सुगंध आणि खालच्या मजल्यावरचे बोंबील

ज्या कंपन्यांना अकरा महिने देवाची आठवण होत नाही, त्यांनाही भाद्रपद संपत आला की दुर्गा आठवते. गेल्या वर्षीचीच लाल लिपस्टिक नव्या डबीत घालायची, तिला 'ठाकुरदालान' नाहीतर 'अष्टमीची सकाळ' असं नाव द्यायचं आणि पूजेचं नवं कलेक्शन म्हणून बाजारात सोडायची. साऱ्या कलकत्त्यातल्या शहाण्यासुरत्या बायका ती नवी समजून घेतात. लेक मार्केटच्या मागच्या चार मजली इमारतीतल्या बायका मात्र अशा फसत नसत, कारण त्यांच्याकडे झुनू होती.

झुनूचं कागदोपत्री नाव शर्वाणी लाहा. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त, मुक्काम तिसरा मजला. पूजेआधीच्या महिन्यात न्यू मार्केटपासून गडियाहाटपर्यंत एकही काउंटर तिच्या तावडीतून सुटत नसे. मनगटापासून कोपरापर्यंत नव्या लिपस्टिकांचे पट्टे ओढून ती बसने घरी यायची. एकदा कंडक्टरने कळवळून विचारलं होतं की दीदी, हात कशाने भाजला. मग महालयेच्या, म्हणजे पूजेआधीच्या अमावास्येच्या, दुपारी इमारतीतल्या बायका तिच्या दिवाणखान्यात जमत आणि झुनू एकेक डबी उघडून निकाल सांगे. हा रंग मंडपातल्या दिव्यांखाली शेवाळल्यासारखा दिसेल. हे काजळ सकाळच्या पुष्पांजलीपर्यंत टिकेल, प्रसादापर्यंत नाही. अत्तरांच्या बाबतीत तर तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एका साली एका महागड्या बाटलीला तिने 'लग्नाच्या हॉलमधलं फिनेल' म्हटलं आणि ती बाटली इमारतीची पायरी चढली नाही. यातून तिला काही मिळत नसे. पण वर्षातली एक दुपार वीस बायका आपल्या नाकाकडे बघत बसतात, या एका गोष्टीवर ती उरलेलं वर्ष काढायची.

आणि यंदा नेमकं नाकच गेलं.

म्हणजे होतं जागच्या जागी, चांगलं सरळ आणि टोकदार. पण जुलैतल्या तापानंतर त्याने काम सोडलं होतं. डॉक्टर म्हणाला, येईल परत, महिन्याने येईल, सहा महिन्यांनी येईल, एखाद्याचं येतही नाही. झुनूने कोणालाही सांगितलं नाही. नाक नसलेली झुनू म्हणजे कोण? पेन्शन खाणारी, गुडघ्याला तेल लावणारी, जिन्यात भेटली तर 'कशा आहात' विचारून पुढे जावं अशी एक बाई. हे तिला नको होतं. तिला याची भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून स्वतःचाच राग येत होता.

तिने उपाय काढला. अत्तराच्या खोक्यावर कंपनीच सगळं छापते: आधी संत्र्याची साल, मग जुई, तळाशी चंदन. झुनूने यंदाच्या सगळ्या खोक्यांवरचा मजकूर परीक्षेसारखा पाठ केला. आरशासमोर उभं राहून डोळे अर्धे मिटायचे, मान किंचित तिरकी करायची आणि 'हं, जुई जरा घाईत येतेय' असं म्हणायचं, याची तालीमही झाली. आपण इतक्या लबाड आहोत हे तिला अठ्ठावन्न वर्षं माहीत नव्हतं. थोडी मजाही वाटली.

महालयेच्या चार दिवस आधी खालच्या मजल्यावरची बुलूदी झाकलेलं पातेलं घेऊन वर आली.

बुलूदी म्हणजे नीलिमा गुहठाकुरता, वय अडुसष्ट, घराणं बारिसालचं. झुनूचं घराणं सात पिढ्या कलकत्त्याचं. म्हणजे एक बांगाल, पूर्व बंगालातली, आणि एक घोटी, इथलीच. यांच्या घरात आमटीत साखर का आणि त्यांच्या घरात मिरची इतकी का, यावर दोघींचं तीस वर्षं वाजत होतं. त्यात बुलूदीचे सुके बोंबील. खाली कढईत लसूण-मिरचीवर बोंबील पडले की दोन मिनिटांत वर झुनूच्या स्वयंपाकघराची खिडकी धाडकन आपटायची आणि बाल्कनीतून प्रश्न यायचा, "कोण मेलं गं तुझ्याकडे?" बुलूदी खालून उत्तर द्यायची की अजून कोणी नाही, तू ये जेवायला म्हणजे मोजता येईल.

त्या दिवशी बुलूदीने पातेलं चहाच्या टेबलावर अगदी झुनूसमोर ठेवलं आणि निवांत बसली. गुडघा, नातवाची परीक्षा, यंदाच्या सुती तांत साड्यांची खळ असं सगळं बोलून झालं. अर्धा तास गेला. बुलूदीने काहीतरी आणलंय आणि आपण त्यावर काहीच बोललो नाही, हे बरं दिसत नाही, असं झुनूला वाटलं. पूजा जवळ आली होती, म्हणजे नारळाचे लाडू असणार.

"काय सुरेख वास सुटलाय गं," ती म्हणाली. "ताजा गूळ दिसतोय."

बुलूदीने झाकण उचललं. आत लालभडक रश्शात बोंबील होते.

बुलूदीने झाकण पुन्हा ठेवलं, पदराने हात पुसला आणि शांतपणे सांगायला लागली. "सहा वेळा रांधले मी. सहा वेळा कान लावून बसले. एकदाही खिडकी आपटली नाही. आधी वाटलं, गावाला गेलीस. मग वाटलं, माझ्यावर रुसलीस. गेल्या आठवड्यात तर दूधवाल्याला विचारलं, वरची बाई जिवंत आहे ना म्हणून. तो म्हणाला, अर्धा लिटर जास्त घेतायत. कधीपासून हे?"

झुनूने सांगितलं. सांगताना रडली, आणि बांगाल बाईसमोर रडावं लागलं म्हणून आणखी रडली. महालयेला काही बोलू नकोस, असं तिने हात धरून विनवलं. बुलूदीला अत्तरातलं काडीचं कळत नव्हतं. तिच्या कपाटात आयुष्यभर एक पावडरचा डबा आणि एक खोबरेल तेलाची बाटली. पण नाक तीक्ष्ण होतं. मासेवाल्याने पाटीवरचं फडकं उचलायच्या आधी ती सांगायची की हिल्सा काल रात्रीचा आहे.

"मी होते तुझं नाक," ती म्हणाली. "पण फुकट नाही."

अटी दोन. एक, यापुढे बोंबील शिजताना खिडकी उघडी राहील. दोन, विजयेच्या, म्हणजे दसऱ्याच्या, नमस्काराला खाली यायचं आणि एक चमचा बोंबील खायचे, तोंड न फिरवता. झुनूने एरवी प्राण दिला असता पण हे कबूल केलं नसतं. तिने कबूल केलं. मग खुणा ठरल्या. फुलांचा वास असेल तर बुलूदी कानाला हात लावणार, गोड असेल तर गुडघा चोळणार, चंदन किंवा लाकूड असेल तर पदर सावरणार, आणि टाकाऊ असेल तर खोकणार.

महालयेला वीस बायका आल्या, पंखे पुरेनात. रंगांचं काम झुनूने नेहमीच्या ऐटीत उरकलं, कारण डोळे शाबूत होते. 'राजवाडी विटकरी' ही गेल्या सालच्या 'बनारसी'ची सख्खी बहीण असल्याचं तिने दोन्ही एकाच हातावर ओढून सिद्ध केलं आणि बायका खूश झाल्या. अत्तरंही पाठ केल्याबरहुकूम चालली होती. बुलूदी समोरच्या वेताच्या मोड्यावर बसून कान, गुडघा आणि पदर यांच्यात इतकी गुंतली होती की शेजारणीने तिला विचारलं, डास चावतायत का.

तेवढ्यात मौपिया उठली. ही पहिल्या मजल्यावरची नवी सून. मोबाईलवर मेकअपचे व्हिडिओ टाकायची, तेवीस हजार लोक बघायचे, आणि इमारतीतल्या वीस बायका तरी आपल्याऐवजी या म्हाताऱ्या मावशीचं का ऐकतात हे तिला पचत नव्हतं. तिने पर्समधून तीन छोट्या कुप्या काढल्या. ना नाव, ना खोकं.

"झुनूमावशी, बाजारात अजून न आलेली तीन अत्तरं आहेत," ती गोड आवाजात म्हणाली. "नाव न सांगता ओळखायची. मी शूटिंग करते हं. डोळे मिटा."

झुनूची जीभ मात्र अजून जागेवर होती. "वास घेते ती नाकाने," ती म्हणाली. "डोळ्यांनी तुझं काय घोडं मारलंय? आणि कुपी आधी मोठ्यांकडे जाऊ दे. घरात रीत आहे."

मोठी म्हणजे बुलूदी. पहिली कुपी हुंगून तिने कानाला हात लावला. बायकांमधून फिरत कुपी झुनूकडे आली आणि झुनूने फुलं सांगितली, पहाटेची, बहुधा प्राजक्त. मौपियाचा चेहरा उतरला. दुसरीला बुलूदीने गुडघा चोळला आणि वर खोकलीही. झुनू म्हणाली की हे अत्तर नाही, पाकात पडलेली माशी आहे. बायका हसल्या.

तिसऱ्या कुपीच्या आधी मौपियाने सांगितलं की ही परदेशातली, सगळ्यात महाग, आणि फार हळुवार आहे, खऱ्या जाणकारालाच कळते. बुलूदीने कुपी नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग ती पुढे दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. कान नाही, गुडघा नाही, पदर नाही. झुनूने डोळ्यांनी विचारलं. बुलूदी तिच्याकडे नुसती बघत राहिली.

कुपी फिरत होती. एक म्हणाली, किती मंद. दुसरी म्हणाली, मोगऱ्याची कळी आहे, उमललेली नाही. तिसरीने डोळे मिटले आणि तिला माहेरचं तळं आठवलं. कुपी हातात आली तेव्हा झुनूकडे काहीच नव्हतं. वीस बायका तिच्या नाकाकडे बघत होत्या. यातल्या निम्म्या उद्या आपल्या शब्दावर बोनसचे पैसे खर्च करतील आणि आपण त्यांना खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवतोय, हे तिला त्या क्षणी असह्य झालं. खोटं बोलण्याची मजा केव्हाच संपली होती. तिने कुपी खाली ठेवली.

"मला कसलाच वास येत नाही," ती म्हणाली.

मौपियाचा हात खाली आला. झुनूने श्वास घेतला आणि पुढचं वाक्य सुरू केलं, "खरं सांगायचं तर जुलैपासून...", आणि तिथेच बुलूदीने, गुडघेदुखी विसरून, मोड्यावरून उठून समोरच्या ताटातला अख्खा नारळाचा लाडू तिच्या तोंडात कोंबला.

"काय होतं गं त्या कुपीत, सूनबाई?" बुलूदीने विचारलं. "खरं सांग. देवीचा दिवस आहे."

मौपियाने मान खाली घातली. नळाचं पाणी होतं.

मग जे हसणं झालं ते गल्लीच्या तोंडाशी ऐकू गेलं. माहेरचं तळं आठवलेल्या बाईने पदरात तोंड लपवलं. मौपियाने झुनूच्या पाया पडून सांगितलं की मावशी, तुमच्यासारखं नाक मी पाहिलं नाही, आणि लाडू चावता चावता झुनूच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ एक लाख लोकांनी पाहिला.

"हाताने काही सांगायचं तरी," बायका गेल्यावर झुनू म्हणाली.

"पाण्याची खूण कुठे ठरली होती?" बुलूदी म्हणाली.

विजयेला ठरल्याप्रमाणे झुनू खाली गेली, पाया पडली आणि चमचाभर बोंबील खाल्ले. तिखट लागले, खारट लागले, बाकी काही नाही. बुलूदी टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होती. झुनूने तोंड जराही वाकडं केलं नाही, तेव्हा बुलूदी फारशी खूश दिसली नाही. मजाच नाही यात, एवढं म्हणून तिने ताटली उचलली.

त्यानंतर दर शनिवारी अकरा वाजता खालून कढईचा आवाज यायचा. दुसरा शनिवार, तिसरा, चौथा. खिडकी उघडी ठेवायचं वचन होतं, म्हणून झुनू उघडी ठेवायची. जिंकलेली बाई मिरवून घेतेय, असं तिला वाटे, आणि आता कशाला इतकं, असंही वाटे.

सहाव्या शनिवारी ती आरशासमोर बसून हिवाळ्यासाठी आलेलं नवं काजळ लावून बघत होती. पाण्याने न जाणारं, असं डबीवर लिहिलं होतं. डावा डोळा झाला, उजव्याला सुरुवात केली, आणि एकदम तिच्या नाकात काहीतरी शिरलं. सडकं, खारट, लसणाने पेटलेलं, दांडगं. झुनू हातातली काडी तशीच धरून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उघड्या खिडकीत उभी राहिली. तिने नाक भरून श्वास घेतला, उलटी येतेय असं वाटलं, पुन्हा घेतला. तिला सुखाने रडू फुटलं. काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळलं; कंपनी साफ खोटं बोलत होती.

वचन आठवलं. पण हे सांगायला तिच्याकडे दुसरी तऱ्हाच नव्हती. तिने दोन्ही हातांनी खिडकी ओढली आणि अशी आपटली की काचेला तडा गेला.

खाली झारा पडल्याचा आवाज झाला. मग जिन्यात पावलं, एकेक पायरी, धापा टाकत. झुनूने दार उघडलं तेव्हा बुलूदी कठड्याला धरून उभी होती, केस विस्कटलेले, हाताला मसाला.

"कोण मेलं गं तुझ्याकडे?" झुनूने विचारलं.

बुलूदी तिथेच शेवटच्या पायरीवर बसली. "डॉक्टरने मला मीठ बंद केलंय पूजेपासून," ती म्हणाली. "मुलगा खात नाही, सून खात नाही. पाच शनिवार रांधून मोलकरणीच्या डब्यात घातले. तिने परवा सांगितलं, आजी, आता पुरे." मग तिने नाक वर करून हवा हुंगली. "लसूण जळला तुझ्यापायी."

"कळलं मला," झुनू म्हणाली. तिने बुलूदीला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, आणि जाऊन खिडकी पुन्हा उघडली.