चार न वाजवणारं कडं

आमच्या घरी पितळेचं एक कडं आहे. उन्हात दोऱ्याला टांगलं की बारीक भोकातून ऊन आत जातं आणि आतल्या आकड्यावर ठिपका पडतो. तेवढे वाजले. भोकाची पट्टी मात्र चालू महिन्यावर सरकवावी लागते, नाहीतर टाइम एकदम गलत.

सगळ्या सुदामा नगरला मी सांगितलंय, हे रोमच्या एका शिपायाचं. उज्जैनला निघालेला, देपालपुरात रस्ता चुकला. आमच्या खापरपणजीच्या हातचे सात प्लेट पोहे खाल्ले, उंटाला जलेबी चारली आणि बदल्यात कडं देऊन गेला. खरं म्हणजे जुन्या काळी लोक असलं घड्याळ जवळ बाळगून फिरायचे, ते पुस्तकात बघून आमच्या ह्यांनीच घडवलं. भूगोलाचे मास्तर होते.

आता ह्यांना एवढंच आठवतं, की चार वाजता मधुरिमा शाळेतून येते. आमची मुलगी. अकराव्या वर्षी तापात गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. चार वाजले की हे अनवाणी रस्त्यावर निघतात. मग सांगावं लागतं. आणि रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात.

म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि कड्याची पट्टी डिसेंबरवर नेली. मे महिन्यात डिसेंबर लावला की चार वाजता दोन दिसतात. कड्यात चार वाजायच्या आत समोरच्या तीनमजली घराआड ऊन जातं.

"इंदुमती, किती वाजले?"

"बघा ना, दोनच. पडा थोडं."

वीस दिवस चाललं.

काल ह्यांनी कडं स्वतः हातात घेतलं. फिरवून फिरवून बघितलं. मग अंगठ्याने पट्टी मे महिन्यावर आणली, वर्गात पोरांना दाखवायचे तशी, न अडखळता. ठिपका चारवर गेला.

"डिसेंबरात एवढा घाम येतो का गं?"

मी पदराने ह्यांचं कपाळ पुसलं.

"मधू येणार नाही ना?"

"नाही हो."

रडले नाहीत. कडं माझ्या हातात ठेवलं. "उद्या मी विसरेन. तू परत डिसेंबर लाव."

आज लावला.

"किती वाजले?"

"दोन."

"मग वेळ आहे. जलेबी आणून ठेव, मधूला आल्या आल्या लागते."

आणली.