सतरा फुटांचा रॅम्प

कागद हरवणं हा माझ्या मते अपघात नसतो, आळशीपणा असतो. एकतीस वर्षं मी कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळली. साहेबांनी मागितलेला कागद त्यांचा चहा गार व्हायच्या आत टेबलावर गेला नाही, असं एकदाही घडलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आमच्या ह्यांचं सगळं उलटं. हात सोन्याचे, पण कॉम्प्युटर म्हणजे उकिरडा. घरातलं कपाट, पुस्तकांचं शेल्फ, दाराची जाळी, सगळं स्वतः करतात. आधी कॉम्प्युटरवर मापांसकट चित्र काढायचं आणि मगच करवत हातात घ्यायची, ही त्यांची शिस्त. पण त्या चित्रांची नावं बघा: 'नवीन', 'नवीन १', 'हेच', 'हेच बघ'. सगळी एका ढिगात, शेजारी लग्नाचे फोटो आणि विजेची बिलं.

"अहो, प्रत्येक कामाला एक फोल्डर करा," मी शंभरदा सांगितलं. "नावात आधी तारीख, मग काम. आणि काम पुरं होईपर्यंत काही पुसून टाकू नका."

"मला सापडतं ना!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पण या वेळचं काम शेल्फाचं नव्हतं. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, शाळेत कवायत शिकवायच्या. जिन्यावरून पडल्या आणि पायांतली ताकदच गेली. चार महिने उपचार केंद्रात काढले, आता शनिवारी त्यांना सोडणार होते. त्यांनी आमच्याकडे राहावं, असं आम्हा दोघांना मनापासून वाटत होतं. वन्संनी फोनवर एकच अट घातली.

"मला कुणी उचलून आत न्यायचं नाही. माझी खुर्ची मी स्वतः ढकलत आत आले, तरच राहीन. नाहीतर आल्या पावली परत. इथे माझी सोय आहे."

वन्संचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ताई, रॅम्प मी करतो," हे म्हणाले. आयता लोखंडी मिळत होता. पण बहिणीसाठी विकतचा आणायचा म्हटल्यावर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मंगळवारी वखारीत मापं पाठवायची होती, म्हणजे ते फळ्या कापून देणार. हे अंगणात खुंट्या ठोकत होते. "तूच पाठव गं!" बाहेरूनच ओरडले. मी बसले. रॅम्पच्या अकरा फाइली निघाल्या आणि त्यात एकीचं नाव 'रॅम्प फायनल'. आमच्या कचेरीत एकदा कागदावर 'अंतिम' असा शिक्का बसला, की त्यापुढे साहेबांचंही काही चालायचं नाही. मी ती फाईल पाठवून मोकळी झाले. तारीख बघितली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना तारीख बघायला शिकवणारी मी!

गुरुवारी फळ्या आल्या. ह्यांनी जोडून रॅम्प दाराला लावला, तर उंबरा त्याच्याहून दोन इंच वर.

"ही मापं दारात नवी फरशी बसायच्या आधीची आहेत," हे म्हणाले. "कुठली फाईल पाठवलीस?"

"फायनल."

"अगं, ते नाव मी पहिल्याच दिवशी दिलं होतं. उत्साहात!"

"मग खरी शेवटची कुठली?"

"'हेच बघ'."

मला असा राग आला म्हणता! आणि त्यातला निम्मा स्वतःचाच होता, म्हणून जास्त झोंबला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवता दाखवता माझ्याच डोळ्यात मुसळ निघालं होतं. वखारवाल्याला फोन केला. नवीन फळ्या सोमवारी, असं म्हणाला.

"दोनच इंच आहेत," हे चाचरत म्हणाले. "तेवढं आपण धरून चढवू."

"धरून? वन्संना? दारातून परत जातील, आणि पुन्हा येणार नाहीत."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला ते बघवेना. मी कॉम्प्युटरसमोर बसले. रॅम्पचं एक फोल्डर केलं, अकराही फाइली उघडून वाचल्या आणि प्रत्येकीच्या नावात तारीख आणि उंची घातली. आलेल्या फळ्या वापरता येतील अशी एकही नव्हती. मग कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. ती मी ह्यांना कधी रिकामी करू देत नाही. तिच्यात बारावी फाईल सापडली. दुसऱ्या दिवशी काढलेली, त्याच संध्याकाळी टाकलेली. त्या रॅम्पचे दोन तुकडे होते आणि मध्ये चार फुटांची सपाट जागा.

"हे का टाकलंत?"

"सतरा फूट होतो गं. पार फाटकापर्यंत. कुंड्या हलवाव्या लागतील, आणि दिसतोही बेढब."

"आलेला तुकडा अकरा फुटांत अकरा इंच चढतो. तो फाटकाकडून लावा. मग ही सपाट जागा. मग राहिलेल्या दोन इंचांसाठी दोन फुटांचा छोटा तुकडा. लाकूड आहे?"

हे उठले ते थेट माळ्यावर चढले. जुन्या पलंगाच्या फळ्या खाली आल्या.

शुक्रवारी दिवसभर ह्यांचं ड्रिल थांबलं नाही. फळ्या मी धरल्या, कुंड्या मी हलवल्या. संध्याकाळी हे रॅम्पवर उड्या मारून बघत होते, या वयात. फळी हूं की चूं करेना.

शनिवारी वन्सं आल्या. फाटकात थांबून त्यांनी रॅम्प खालपासून वरपर्यंत पाहिला. मग चाकांना हात घातला. अकरा फूट ही काही थोडीथोडकी चढण नव्हे. सपाट जागेवर पोचल्या तेव्हा त्यांचे दंड थरथरत होते. हे पुढे झाले.

"मागे हो."

हे मागे झाले. वन्संनी दम घेतला. चांगला दोन मिनिटं घेतला.

"ही थांबायची जागा नसती, तर मी इथून मागे घरंगळले असते," त्या म्हणाल्या. "कुणाची कल्पना?"

"माझी," हे म्हणाले. "पण मी टाकून दिली होती. हिने शोधून काढली."

"आणि चुकीची मापं पाठवली तीही मीच," मी म्हटलं. खरं ते खरं.

वन्सं हसल्या. उरलेले दोन फूट चढल्या आणि उंबरा ओलांडून घरात आल्या. ह्यांचा हात, त्यांच्या ताईंचे दंड, माझी रेकॉर्ड रूम, कुणाकुणाचा अभिमान वाटून घ्यावा ते कळेना. मी पाणी आणायला वळले.

"पाणी राहू दे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी खुर्ची दाराकडे फिरवली. "आत येता आलं. आता मला हवं तेव्हा बाहेर जाता येतं का, ते बघते."

एकेक वीत सांभाळत त्या उतरल्या, फाटक स्वतः उघडलं आणि रस्त्याला लागल्या. कोपऱ्यावर वळून दिसेनाशा झाल्या. आम्ही दोघं उंबऱ्यात उभे होतो. त्यांच्या मागे मात्र गेलो नाही.