तीन लिटरचं इंजिन

बाबा जाऊन तीन महिने झाले आणि त्यांची गाडी निळा धूर सोडायला लागली.

"संपलं. इंजिन गेलं," काका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांची सगळी नोकरी विम्याच्या ऑफिसात टेबलामागे झाली, पण यंत्रांविषयी त्यांची मतं पक्की आहेत. ती तपासून पाहायची वेळ कधी आली नाही, म्हणून पक्की राहिली आहेत.

आई म्हणाली, "ठेवायची तर ठेवा, काढायची तर काढा. पण रोज सकाळी दारात असा खोकला नको. मला ऐकवत नाही."

मग ठरलं ते असं: गाडी मेकॅनिकला दाखवायची. इंजिन खोलावं लागेल असं तो म्हणाला तर ती भंगारात द्यायची. माझा चहा संपायच्या आत काकांनी ओळखीच्या भंगारवाल्याला फोन लावून शनिवार ठरवूनही टाकला.

"आधी दाखवू तरी द्या, काका."

"दाखव ना. शनिवार कुठे पळून जातोय?"

मी हो म्हटलं, कारण मी दमले होते. तीन महिने दाखले, सह्या आणि झेरॉक्स यांत गेले होते. प्रत्येक खिडकीवर बाबा नाहीत हे नव्याने सांगावं लागत होतं, आणि प्रत्येक खिडकीला ते लेखी हवं होतं. गाडीला असलं काही सिद्ध करून द्यावं लागत नव्हतं. किल्ली फिरवली की ती चालायची. चौदा वर्षांची, लहानशी, मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकणारी. ड्रायव्हरची सीट अजून बाबांच्या पायांच्या मापाने मागे होती. मी ती पुढे न घेता पाठीशी उशी लावून चालवत होते. मला ती गाडी हवी होती. बैठकीत मी हे बोलले नाही. आमच्याकडे हवं असणं हे कारण धरत नाहीत.

गुरुवारी सकाळी मी एकटीच जाणार होते. निघताना पाहते तर काका पुढच्या सीटवर बसलेले.

"तुम्ही कशाला?"

"तू त्याच्याकडून तुला हवं ते वदवून घेशील. कोणीतरी तटस्थ माणूस हवा."

तटस्थ माणसाने शनिवार आधीच ठरवला होता. आई मागे बसली, कारण घरी एकटीने बसून वाट पाहणं तिला आता जमत नाही. वाटेत एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन काचेवर टकटक केली. "अहो मॅडम, डासांची फवारणी करताय का?"

"ऐकलंस?" काका म्हणाले. "लोकांनासुद्धा कळतंय."

आईने नाकाला रुमाल लावला होता. त्यातून ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जरा काच वर करा आणि गप्प बसा."

हा मेकॅनिक बाबांचा जुना. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि माणसांपेक्षा इंजिनाशी जास्त बोलणारा. त्याने आमच्याकडे न बघता बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून पाहिला. तो ऑइलने ओला झाला होता. मग त्याने गाडी सुरू करायला लावली, कान तिरका करून बराच वेळ ऐकलं, आणि बंद करायला सांगितलं.

"थांबा जरा," म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला.

"हे असं असतं," काका म्हणाले. "वाईट बातमी द्यायची असली की डॉक्टरसुद्धा आधी बाहेर जातात."

आईने हातातल्या रुमालाची घडी घातली. आपण काय बोललो ते काकांच्या मग लक्षात आलं असावं, कारण ते भिंतीवरचे टायर मोजायला लागले.

दहा मिनिटांनी मेकॅनिक परत आला. त्याने ऑइलची काडी ओढली, पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि उजेडाकडे धरली. काडीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोहोंच्या मध्ये असायला हवं. इथे ते वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलं होतं.

"ताई, यात ऑइल कोणी घातलं?"

"मी. पण अर्धाच लिटर. कमी दिसत होतं म्हणून."

"कधी?"

"बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी."

"आणि नंतर?"

"नंतर मी बॉनेट उघडलंच नाही."

त्याने मान हलवली. "अर्ध्या लिटरने एवढं नाही होत."

काकांनी घसा साफ केला. "मी एकदा घातलं होतं. म्हणजे एकदाच. बाटलीत होतं तेवढं, अर्धा लिटर. वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं त्या दिवशी. आल्या आल्या काडी काढली तर टोकाला जेमतेम लागलेलं. म्हटलं, या मुलीला गाडी वापरता येते, बघता येत नाही."

"आल्या आल्या?" मेकॅनिकने विचारलं.

"मग काय, दुसऱ्या दिवशी?"

"इंजिन बंद केल्यावर ऑइल खाली उतरायला वेळ लागतो साहेब. मी आता उगाच नाही गेलो तिकडे."

"हे कुठे लिहिलंय?"

"गाडीच्या पुस्तकात," मी म्हटलं. "चौऱ्याण्णव पानावर."

"तू वाचलंयस तर मला सांगायचं नाही?"

"तुम्ही ऑइल घातलंत ते मला सांगायचं नाही?"

"त्यात सांगण्यासारखं काय? मी काय उपकार केले म्हणून मिरवत फिरू?"

मेकॅनिक आमच्या भांडणाकडे लक्ष न देता बोटांवर हिशेब करत होता. "यात ऑइल बसतं तीन लिटर. वर अर्धा आणि अर्धा, एक लिटर. पण इथे त्याहून जास्त आहे."

आई आता भिंतीवरचे टायर बघत होती.

"आई?"

"मी दर रविवारी घालते," ती म्हणाली. कुंड्यांना पाणी घालते म्हणावं तसं.

"काय घालतेस?"

"तेच. अर्धी वाटी. वाटी वेगळी ठेवलीये, काळजी करू नकोस. हे घालायचे ना दर रविवारी. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. बाटली घेऊन उभे असायचे. तू झोपलेली असायचीस. म्हटलं, रविवार चुकायला नको."

"आई, ते घालायचे नाहीत! ते बघायचे! कमी असलं तरच घालायचे. बाटली नुसती जवळ ठेवायचे!"

"मला काय माहीत? चौदा वर्षं त्यांची पाठच दिसायची मला."

मेकॅनिकने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तेरा रविवार झाले म्हणजे."

"तेरा," आई म्हणाली. तिला मोजावं लागलं नाही.

"पण ताई, तुमचं एक मला कळत नाही. तुमच्या बाबांच्या हातची गाडी. पंधरा दिवसांत ऑइल कमी होणार नाही. तुम्ही काडी कुठे बघितलीत?"

"घरीच. उभी असते तिथे."

"तिथे चढ आहे का?"

मी नाही म्हणणार होते. चौऱ्याण्णव पानावर सपाट जागेचंही लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलं होतं. पण आमच्या दारातला उतार मला कधी उतार वाटलाच नाही. मी चालायलाच तिथे शिकले.

"आहे," मी म्हटलं. "गाडीचं तोंड वर असतं."

"मग ऑइल मागे सरकतं. काडी पुढे आहे. कमीच दिसणार."

"अगंबाई," आई म्हणाली. "म्हणून हे गाडी काढून शेजारच्या मास्तरांच्या गेटसमोर न्यायचे? दर रविवारी मास्तर बाहेर येऊन भांडायचे. मला वाटायचं, हे मुद्दाम त्यांना चिडवायला नेतात."

"तेवढीच जागा सपाट आहे तिथे," मी म्हटलं.

"मग सांगायचं ना मला तसं," ती म्हणाली. हे ती मला म्हणत नव्हती.

काकांना मुद्द्यावर यायचं होतं. "ते सगळं ठीक आहे. इंजिनाचं काय? खोलावं लागणार ना?"

"कशाला? आवाज साफ आहे. जास्तीचं ऑइल वर चढून जळतंय, एवढंच. अजून महिनाभर असंच चालवलं असतं तर गेलं असतं."

"पण गाडी ऑइल पिते, हे तर खरं?"

"पीत नाही साहेब. तुम्ही तिघं पाजताय."

मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मला तिघांचाही राग आला, आणि तिघांत मी होते. एका माणसाचं पाच मिनिटांचं काम. ते आम्ही तिघांनी आपापल्या परीने, एकमेकांच्या नकळत, मनापासून केलं, आणि गाडी मरायला टेकवली.

"आता असं करू," मेकॅनिक म्हणाला. "जास्तीचं ऑइल काढून देतो, गाडी चालेल. नाहीतर सगळंच बदलू. माझं ऐकाल तर सगळं बदला. वर्ष उलटून गेलंय. मी फोन केला होता तुम्हाला."

"कसला फोन?" काकांनी लगेच पकडलं.

"वर्ष झालं की मी फोन करतो सगळ्यांना. ताई म्हणाल्या, किलोमीटर झाले नाहीत अजून."

म्हणाले होते मी तसं, दोन महिन्यांपूर्वी, आणि बऱ्यापैकी तोऱ्यात. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. हेही त्याच पुस्तकात आहे. वर्षभरात गाडी दोन हजारसुद्धा चालली नव्हती. घर ते हॉस्पिटल आणि हॉस्पिटल ते घर.

"तसल्या छोट्या फेऱ्याच वाईट," मेकॅनिक म्हणाला. "इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलला ओल धरते. नुसत्या उभ्या गाडीतलंसुद्धा जुनं होतं. किलोमीटर कमी असले की तारीख बघायची असते."

"आणि ही मला पानांचे नंबर सांगते!" काका म्हणाले. अख्ख्या सकाळीत प्रथमच ते खूश दिसले. "काय गं, तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"मागच्या वेळी तुमच्या बाबांनी स्वतःच बदललं होतं ना?" मेकॅनिकने मधेच विचारलं. "फिल्टर माझ्याकडून नेला होता."

"हो."

मास्तरांच्या गेटसमोरच बदललं होतं ते, चौदा महिन्यांपूर्वी. गोणपाट अंथरून बाबा गाडीखाली शिरले आणि काम झाल्यावर त्यांना उठताच येईना. मी दोन्ही हातांनी ओढून काढलं. ते हसत म्हणाले, वजन वाढलंय बहुतेक. वजन उतरत होतं. पुढच्या पंधरा दिवसांत रिपोर्ट आला.

"नुसतं जास्तीचं काढलं तर चालेल ना?" मी मेकॅनिकला विचारलं. "सध्यापुरतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चालेल. चार-सहा महिने चालेल. पण ते बाद झालंय ताई. बाद ऑइलवर इंजिन झिजतं. मग हे साहेब म्हणतात तसं खरंच खोलावं लागेल."

"अगं, बदलायचं तर बदलून टाक," काका म्हणाले. "एवढा काय विचार करतेस?"

आई माझ्या जवळ आली. तिने बॉनेटच्या आत वाकून पाहिलं, चौदा वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून. मग माझ्याकडे न बघता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता त्यात त्यांचं असं काय राहिलंय? निम्मं माझं आहे. थोडं भाऊजींचं."

"माझं अर्धाच लिटर," काका म्हणाले.

"सगळं काढा," मी मेकॅनिकला म्हटलं.

त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला आणि नट सोडला. ऑइल काळंभोर, जाड धारेने घमेल्यात पडायला लागलं आणि पडतच राहिलं. एक घमेलं भरलं तसं त्याने दुसरं सरकवलं. शेवटी सगळं खुणांच्या कॅनमध्ये ओतून त्याने वर धरून दाखवलं. साडेचार लिटर.

"तीन लिटरच्या इंजिनात साडेचार!" काका म्हणाले. जणू शेजाऱ्यांच्या घरातली गोष्ट. मग थोड्या वेळाने, "पण मी आता त्याला काय सांगू? शनिवारचा शब्द दिलाय मी."

"शब्द दिलाय तर पाळा," आई म्हणाली. "तुमची गाडी द्या."

"वहिनी, माझी नवी आहे!"

"मग फोन करा."

काका खिशातला फोन चाचपत रस्त्यावर गेले. तिथून त्यांचा आवाज येत राहिला. ते भंगारवाल्याला इंजिनातल्या ऑइलविषयी समजावून सांगत होते.

धार संपून थेंब पडायला लागले होते. मेकॅनिक खड्ड्यातून वर आला. "घाई करायची नाही. सगळं निथळू द्यायचं. थांबलं की मला हाक मारा," असं सांगून तो त्या दुसऱ्या गाडीकडे गेला.

मी आणि आई खड्ड्याच्या कडेला वाकून बघत उभ्या राहिलो.

"थांबलं," आई म्हणाली.

"नाही. बघ."

एक थेंब नटाच्या भोकाशी फुगला, लोंबला आणि पडला.

"आता थांबलं."

"आई, जरा धीर धर ना!"

"माझे पाय दुखतात."

"मग बस तिकडे. मी बघते."

ती बसायला गेली नाही. अजून एक पडला. मग बऱ्याच वेळाने अजून एक. त्यानंतर आम्ही किती तरी वेळ बघत राहिलो आणि काहीच पडलं नाही. तेव्हा मी मेकॅनिकला हाक मारली.