जमुनाबाईच्या फोनवरचं पांढरं पान

बाळांनो, समजा तुम्हाला स्वतःचं नाव तेवढं वाचता येतं, बाकी काही नाही. हातात जुना, काच तडकलेला फोन आहे. त्यावर रोज संध्याकाळी गावाची यादी येते. यादीत तुमचं नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी तलावाचं पाणी तुमच्या शेताला. तुम्ही फोन उघडता, तर पान पांढरं. तुम्ही काय समजाल? जरा विचार करा, आणि मग दुर्गेश्वरीची गोष्ट ऐका.

नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावात ती राहायची, नववीत होती. तिचे आजोबा केशोराव तलावाच्या पाण्याची वाटणी बघत. उन्हाळी धानाला उद्या कोणाची पाळी, ते तलावातलं पाणी पाहून ठरवायचे आणि दारोदार जाऊन सांगायचे. यंदा त्यांचे गुडघे चालेनात. मग शाळेतल्या संगणकाच्या वर्गाने ठरवलं की यादी फोनवर दाखवू.

वर्गातल्या मंजूने साधं पान लिहिलं. वर तारीख, खाली नावं. दुर्गेश्वरीने फ्रेमवर्क निवडलं. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, त्यावर आपण आपलं घर चढवायचं. असे सांगाडे पुष्कळ असतात. तिने सगळ्यांत नवा घेतला, कारण व्हिडिओतली शहरातली पोरं त्याचंच कौतुक करत होती. तिच्या पानावर नावं सरकत यायची आणि मागे पाण्याचे थेंब पडायचे.

"दोन ओळी दाखवाच्या, तं एवढा सांगाडा कायले?" मंजू म्हणाली. "माह्या आईच्या फोनवर हे उघडतच नाही. नुसतं पांढरं दिसते."

"तुह्या आईचा फोन अजायबघरात ठेव," दुर्गेश्वरी म्हणाली. "आन तुह्यं पान किराणा दुकानात लाव. साखर, तेल, मीठ."

वर्ग हसला. त्या दिवसापासून मंजूचं नाव 'किराणा' पडलं. शिक्षकांनी हात वर करायला सांगितले. मंजूच्या पानासाठी एकच हात वर झाला, तिचा स्वतःचा. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "किराणा, उधार देतेस का?" हात खाली आला.

दुर्गेश्वरीचं पान गावात सुरू झालं. तळाशी तिचं नाव होतं, आणि केशोराव येणाऱ्याजाणाऱ्याला ते नाव बोट लावून दाखवायचे.

एप्रिलच्या मध्यात एका सकाळी जमुनाबाई अंगणात येऊन उभी राहिली. एकटी बाई, तलावापासून सगळ्यांत लांबची दीड एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, तिचं. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलेलं.

"केशोभाऊ, माही पाळी कवा हाय?"

"तुही पाळी परवा गेली, बाई. फोनवर लावली होती. तू आली नाही, पाणी पुढच्याच्या बांधीत गेलं."

जमुनाबाईने पदरातून फोन काढला. "मी रोज पाहून राहिली ना. पांढरं दिसे. मी म्हटलं, आज आपलं नाव नाही."

केशोरावांनी फोन हातात घेतला. पान पांढरंच होतं. "काऊन वं दुर्गे, हे काय?"

दुर्गेश्वरीला एका नजरेत कळलं. तिच्या नव्या सांगाड्याची भाषा त्या जुन्या फोनला वाचताच येत नव्हती. मंजूने हेच सांगितलं होतं, सगळ्या वर्गासमोर. आता खरं बोललं, तर पान जाईल आणि तळाचं नावही जाईल.

"आजीनं बराबर उघडलं नसन," ती म्हणाली. "रोज दुसरंच काही दाबून राहिली असन."

जमुनाबाईने फोनकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. "असन बाई. मले काय समजते त्यातलं."

"मंग आता फेरी संपतवर थांबा लागन," केशोराव म्हणाले. "गेलेली पाळी मधात कोणाले देत नाही. नियम माहाच हाय, मीच कसा मोडू?"

फेरीचे अजून बारा दिवस बाकी होते. बारा दिवसांत त्या धानाचं काय होईल, हे अंगणातल्या तिघांनाही माहीत होतं.

"आणा तो फोन, आजी," दुर्गेश्वरी म्हणाली. आजोबांकडे पाठ करून तिने मंजूच्या पानाचा पत्ता टाकला. पान क्षणात उघडलं. मंजूने ते बंद केलंच नव्हतं. शेजाऱ्याच्या नव्या फोनवर यादी पाहून ती रोज संध्याकाळी आपल्या पानावर उतरवत होती. जुन्या याद्याही खाली तशाच होत्या, त्यांत परवाची तारीख होती. तिच्याखाली ठळक अक्षरांत जमुनाबाईचं नाव होतं.

दुर्गेश्वरीने ते कोणाला दाखवलं नाही. पान मिटून फोन परत दिला. "दुपारपर्यंत दुरुस्त होते, आजी."

"देव तुहं भलं करो, पोरी," म्हणून जमुनाबाई शेताच्या वाटेने गेली.

मग दुर्गेश्वरी घरात आली. भावाचा लॅपटॉप उघडून तिने मंजूचं पान अख्खंच्या अख्खं उचललं. तळाशी मंजूचं नाव होतं. ते तिने पुसलं, तिथे स्वतःचं लिहिलं, आणि गावाच्या ग्रुपवर पाठवून दिलं: 'जुन्या फोनसाठी मी साधं पान बनवलं आहे.'