यादीवरचं नाव

चिमणी आली आणि ताईंच्या पोटात दुखायला लागलं. तिचं खरं नाव वेगळंच होतं. चिमणी हे ताईंनी या नव्या मदतनीस मुलीला मनातल्या मनात ठेवलेलं. ताई मॅडमच्या जुन्या संशोधन-सहायक, खिडकीजवळची, मॅडमच्या शेजारची खुर्ची वर्षानुवर्षं त्यांची. पण हल्ली मॅडम "अगं, हे बघ ना" म्हणायच्या तेव्हा त्यांची मान चिमणीकडे वळलेली असायची. ताई नुसत्या जळत बसायच्या.

त्यात मॅडमचं पुस्तक निघायचं ठरलं. मुखपृष्ठावर मॅडमच्या नावाखाली आणखी एकच नाव बसणार होतं. मॅडमनी सरळ सांगून टाकलं होतं, "संदर्भ जिने जास्त गोळा केले, तिचं नाव. त्यांची यादी नव्या प्रोग्रॅमवर आली की बघते."

जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लेखापुढे तो कोणी भरला ते दिसायचं, आणि ताई ते रोज चोरून बघायच्या. तळाचे, जुने लेख त्यांचे. वर मात्र चिमणी, चिमणी आणि चिमणीच. मेली जेवते तरी कधी, असं ताईंना वाटायचं.

यादी हलवायचं काम ताईंकडे आलं. जुन्यातून फाइल काढायची, नव्यात चढवायची, एवढंच. फाइलमधून लेखक जातो, मथळा जातो, वर्ष जातं. कोणी भरलं, ते जात नाही. हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. दुर्दैवाने चिमणीलाही होतं.

"ताई, आधी प्रत्येक लेखाला आपापल्या नावाचा टॅग लावू या का? टॅग जातात फाइलमधून. मी लावते, तुम्ही बसा."

"नावं काय घेऊन बसलीस? काम महत्त्वाचं," असं म्हणून ताईंनी बटण दाबलं आणि मोकळ्या झाल्या.

मॅडम आल्या, चष्मा लावून बघू लागल्या. "अगं बाई! सगळं तूच भरलंस?"

ताईंनी वाकून पाहिलं. यादी त्यांच्या खात्यातून चढली होती, म्हणून नव्या प्रोग्रॅमने झाडून सगळ्या लेखांपुढे त्यांचंच नाव लावलं होतं. असलं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांना फक्त चिमणीचं नाव पुसायचं होतं. पण आयतं ताटात आलेलं परत कोण करतो? चिमणीकडे न बघता त्या म्हणाल्या, "हो, वेळ गेला खरा."

मॅडम यादीत खाली जाता जाता एका लेखाशी थांबल्या. आकडे बनावट निघाले म्हणून मासिकाने तो मागे घेतला होता, आणि त्याचाच आधार देऊन मॅडम भर परिषदेत तोंडावर पडल्या होत्या.

"म्हणजे हाही तूच?"

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. हा माझा नाही म्हणावं, तर मग बाकीचे कोणाचे?

"मॅडम, तो माझा," चिमणी म्हणाली. "तपासायला हवा होता, राहून गेलं. चुकलंच माझं." बाकीच्या लेखांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

आता हिची खरडपट्टी निघणार, म्हणून ताई वाट बघत राहिल्या. मॅडमनी चष्मा काढला. आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"ये गं, इथे बस," त्या चिमणीला म्हणाल्या. "कुठला कोणाचा, ते आता तूच सांग."

ताई खुर्ची सोडून उठल्या. निदान तो बनावट लेख तरी आपला असता, असं त्यांना पोटातून वाटलं.