'रत्नप्रभा' जहाजाचा लॉग

लॉग, म्हणजे जहाजाची रोजनिशी, लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण बाकीच्या दोघांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आमच्यातल्या बेनेडिक्टचा भाऊ, अर्बन, बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक खेळ आणला होता. फासे टाकायचे आणि अवकाशात भटकणाऱ्या जहाजावरची माणसं व्हायचं. बेनेडिक्ट इंग्रजी पुस्तकात बघून संकटं आणायचा, मी कॅप्टन, जयवंत इंजिनीयर. दर रविवारी, भांडुपला, आमच्या चाळीच्या जिन्यात. खेळात घडेल ते मी मराठीत लिहून ठेवायचे. लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, हा आमचा कायदा.

जहाजाला जयवंतने आईचं नाव दिलं, रत्नप्रभा. मी हसून हसून मेले.

"हस गं," तो म्हणाला. "पण माझ्या आईच्या जहाजावर कुणी 'मेला' असं लिहायचं नाही. माणूस गेला की 'उतरला' लिहायचं."

बरं बाबा, म्हटलं. तेव्हापासून बिचारे बरेच उतरले.

मग संप झाला आणि जयवंतची गिरणी बंद पडली ती पडलीच. एका सकाळी काम शोधायला म्हणून तो बाहेर पडला आणि परत आलाच नाही. पोलिसांत कळवलं, गावाला पत्रं टाकली, देवाला कौल लावला. काही म्हणजे काही कळलं नाही.

"शुभा, त्याला उतरव आता," बेनेडिक्ट म्हणाला. "नसलेला माणूस किती दिवस ठेवणार?"

"तुझं तोंड जळो मेल्या!" मी ओरडले. लांबच्या प्रवासात झोपवून ठेवायच्या पेट्या होत्या आमच्या जहाजावर. मी दर रविवारी लिहीत राहिले: 'इंजिनीयर जयवंत झोपपेटीत. प्रकृती ठीक.'

त्याची आई, रत्नप्रभाकाकी, दुसरीपर्यंत शिकलेली. नवरा कधीच गेलेला, जयवंतशिवाय तिला कुणी नाही. एकदा विरजण मागायला आमच्याकडे आली तेव्हा लॉग उघडाच पडला होता. बोट ठेवून तिने एकेक अक्षर लावलं. जहाजाचं नाव, ते तिचंच. खाली मुलाचं.

"माझो झील बोटीर असा?" ती म्हणाली. "त्या अर्बनासारखो?"

"काकी, खेळ आहे गं तो!" मी दोनदा सांगितलं. पण तिला ऐकायचंच नव्हतं. पुढे दर रविवारी संध्याकाळी ती यायची, ती ओळ वाचायची, "प्रकृती ठीक" असं स्वतःशी म्हणायची आणि घरी जाऊन जेवायची. ती ओळ वाचेपर्यंत दिवसभर अन्नाला शिवत नव्हती. मग मी काय करायला हवं होतं? सांगा ना! मी लिहीत राहिले.

आणि काल हवालदार आला. मिठागरांच्या बाजूला, खाडीत, एक प्रेत सापडलेलं, ते हॉस्पिटलात ठेवलं होतं. ओळखू येईल असं काही राहिलं नव्हतं, पण शर्टाच्या कॉलरला आमच्या गल्लीतल्या शिंप्याची पट्टी होती. घरच्यांनी येऊन ओळखलं नाही तर बेवारस म्हणून जाळून टाकतील, तो म्हणाला.

काकी उंबऱ्यात बसली ती हलेना. "माझो झील बोटीर असा. मी कशाक जाऊ लोकाचा मढा बघूक? त्या शुभाक विचार. तिच्या पुस्तकात असा."

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. जयवंतला बेवारस जाळू द्यायचं नव्हतं, आणि काकी फक्त लॉगचंच मानणार होती. मी धावत जाऊन लॉग आणला, काकीसमोर उघडला. 'मेला' लिहायचं होतं. हात वळेना. शेवटी त्याच्याच कायद्याने लिहिलं: 'इंजिनीयर जयवंत उतरला.'

काकीने बोट ठेवलं. "उ... त... र... ला." मला तिच्याकडे बघवेना.

"उतरलो?" ती ताडकन उठली. "अगो, मगे आधी सांगूचा नाय? खंय उतरलो?"

मी तोंड उघडायच्या आत हवालदारच म्हणाला, "मुलुंडच्या खाडीत, बाई."

"बरोबर. बोट खाडयेतच लागता." तिने दोरीवरचा जयवंतचा धुतलेला शर्ट ओढला, घडी करून पिशवीत घातला. "आंगावरचे कपडे खारे झाले असतले त्याचे. चल गो, वाट बघीत असतलो."

मी तिच्याबरोबर निघाले. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती शर्टाची पिशवी मीच धरली होती.