सुटा भाग

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले कित्येक महिने आम्ही जेवलोच नव्हतो. तिथे नवऱ्याचा रेडिओ ठाण मांडून बसला होता. हौशी रेडिओवाले एकमेकांशी गप्पा मारतात, त्या ऐकायला म्हणून हा सेट त्याने घरीच बांधायला घेतला होता. शेवटी मी निक्षून सांगितलं, "आज दुपारपर्यंत हा बोलला नाही, तर माळ्यावर जाईल. आणि बोलला, तर हा शेवटचा. टेबल माझं."

"शेवटचा. तुझी शपथ," असं म्हणून त्याने माझ्या हातात बॅटरी दिली.

सकाळभर मी उजेड धरून टेबलाला खेटून उभी, आणि तो प्लास्टिकच्या पेचकसाने कॉइलमधले स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवतोय. हळूहळू खरखर विरली आणि गावाच्या पार त्या टोकाला राहणारा त्याचा मित्र चक्क ऐकू आला. त्याला सगळे भोंगा म्हणतात. चाचणीसाठी तो तिकडून आकडे म्हणत बसला होता. नवऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरला. मी स्वयंपाकघरात गेले, आणि भोंगा बंद पडला.

"काय केलंस?"

"पाणी प्यायले."

मी परत आले, भोंगा परत आला. मी गेले, तोही गेला. मग मला भलतीच मजा यायला लागली. मुद्दाम येरझाऱ्या घातल्या. नवरा रडकुंडीला आला.

एकदाचा त्याने कपाळावर हात मारला. "सेटचा डबा उघडा आहे ना, शेजारच्या माणसाचाही त्यावर परिणाम होतो. मी सगळं जुळवलं तेव्हा तू इथे होतीस. तुला धरूनच जुळलंय."

"म्हणजे मी याचा पार्ट झाले?"

"सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं बोलणं होईपर्यंत हलू नकोस गं, पाया पडतो."

पाया पडतो म्हणाला, म्हणून राहिले उभी. भोंगा आकड्यांना कंटाळला असावा. "ऐकू आलं की फोन कर रे," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या सेटचं सामान आलंय. याच्यापेक्षा मोठा आहे, पण तुमच्या टेबलावर बसेल. वहिनींना इतक्यात सांगू नकोस."

नवरा ताडकन उठला. "जा, जा, पाणी पी तू," म्हणत मला हाकलायला लागला. गडबडीत आवाजाचं बटण कमी करण्याऐवजी वाढवून बसला.

मी तसूभरही हलले नाही. उभ्या उभ्या भोंग्याला फोन लावला. "भावोजी, अगदी शब्द न् शब्द ऐकू येतोय. बोला ना, केवढा आहे दुसरा?"

मी जागेवर असूनही भोंगा गप्प झाला.